ताटाएवढा जांभळा डेलिया आणि ‘औषधा’ची बाटली

सप्टेंबर संपत आला, पाऊस ओसरला की माझ्या दवाखान्यात दरवर्षी एक वेगळीच चौकशी सुरू होते. रक्तदाब मोजून होतो, गोळ्या लिहून होतात, चिठ्ठी खिशात जाते आणि मग मंडळी दाराशी थबकून विचारतात, “डॉक्टर, तुमच्या त्या जांभळ्या डेलियाची एखादी कांडी मिळेल का?” दवाखाना घराला लागूनच आहे आणि रुग्णांचा बाक अंगणातल्या कुंड्यांसमोर आहे. जानेवारीत तपासायला आलेला माणूस अर्धा-पाऊण तास ते फूल पाहत बसतो. मग त्यालाही ते आपल्या दारात हवेसे वाटते, यात नवल नाही.

म्हणून या आठवड्यात सर्दी-खोकला बाजूला ठेवून डेलियाविषयी लिहितो आहे. आरोग्याच्या सदरात फुलझाड कशाला, असे काही वाचक विचारतील. पन्नाशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला मी बागकाम स्वतःहून सुचवतो, हे एक कारण. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ताटाएवढे फूल आणण्याच्या ईर्षेने लोक घरात काय काय आणून ठेवतात, हे मी पुष्कळ वर्षे पाहतो आहे. त्याविषयी पुढे लिहितोच. आधी झाडाची ओळख करून घेऊ.

डेलिया मूळचा मेक्सिकोचा. तेथून तो अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील माद्रिदच्या वनस्पती उद्यानात पोचला. १७९१ साली तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानियेस यांनी डाल नावाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ त्याला ‘डालिया’ हे नाव दिले. आपल्याकडे त्याचे डेलिया झाले. मेक्सिकोने १९६३ साली त्याला आपले राष्ट्रीय फूल म्हणून जाहीर केले. शेवंती, झेंडू, सूर्यफूल ही सगळी त्याची भावंडे. गाजर गवतसुद्धा याच कुळातले आहे. हे शेवटचे नाते लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जांभळाच्या सालीत आणि वांग्याच्या सालीत जी रंगद्रव्ये असतात, त्याच गटातील रंगद्रव्यांमुळे डेलियाची पाकळी जांभळी होते. खरा निळा डेलिया मात्र अजून कुणाला साधलेला नाही. रोपवाटिकेत ‘केनिया ब्लू’ नावाचे मोठ्या फुलाचे रोप मिळते. ते फूल जांभळट निघाले म्हणून माळ्याशी भांडायला जाऊ नका, ते तसेच असते. ‘थॉमस एडिसन’ ही १९२९ सालची जुनी जात गडद जांभळी आहे आणि अजूनही लावली जाते. आपल्या देशातही डेलियाच्या अनेक जाती तयार झाल्या आहेत आणि त्यात रामकृष्ण मिशनच्या स्वामी विनयानंदांचे नाव आदराने घेतले जाते. अमेरिकेतील डेलियाप्रेमी दहा इंचांहून मोठ्या फुलालाच सर्वांत मोठ्या गटात बसवतात. आपल्या अंगणातल्या कुंडीत आठ-नऊ इंचांचे फूल आले तरी गल्लीतील माणसे पाहायला येतात, एवढे मी अनुभवाने सांगतो.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून ठेवतो. मोठ्या जांभळ्या डेलियाचे बी गोळा करून पेरू नका. या झाडात गुणसूत्रांचे आठ संच असतात (माणसात दोनच), त्यामुळे जांभळ्याच्या बियांतून पांढरे, लाल, एकेरी पाकळीचे, काय वाटेल ते निघते. हवे तेच फूल हवे असेल, तर कंद लावावा किंवा कांडी, म्हणजे छाट कलम, लावावे. विश्वासू रोपवाटिकेतून मुळे धरलेली कांडी आणणे नवशिक्याला सर्वांत सोपे. शक्य असेल तर जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन पाहून यावे, जातींची नावे लिहून आणावीत आणि पुढच्या हंगामात ती मागावीत.

उटी, दार्जिलिंगसारख्या थंड ठिकाणी डेलिया उन्हाळ्यात लावतात आणि तो पावसाळ्याच्या सुमारास फुलतो. आपल्या सपाटीवर तो थंडीचा पाहुणा आहे. कांडी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लावली, की साधारण तीन महिन्यांनी, म्हणजे जानेवारीत फूल येते. कुंडी बारा इंचांची असावी आणि तळाचे भोक खापरीने झाकावे, पण बुजवू नये. दोन घमेली पोयट्याची माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत, अर्धे घमेले पालापाचोळ्याचे खत आणि माती चिकट असेल तर थोडी वाळू, असे मिश्रण करावे. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ हाडांचे खत मिसळावे. हाडांचे खत थोडे ओले करून आणि तोंडाला रुमाल बांधून हाताळावे, कारण त्याची धूळ छातीत जाणे बरे नाही. ‘पूर्ण कुजलेले’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. गरम शेण घातलेत तर मुळे जळतात आणि हुमणीची अळी घरात येते.

कुंडीला निदान सहा तास ऊन हवे, आणि ते सकाळचे असेल तर उत्तम. पाणी हा डेलियाच्या बाबतीत सर्वांत जास्त चुकणारा विषय आहे. कांडी लहान असताना पाणी बेताचे द्यावे. वरची माती बोटभर कोरडी लागली तरच झारी उचलावी. कंद पाण्यात राहिला की कुजतो. झाड मोठे होऊन कळी धरली, की मात्र त्याची तहान वाढते. तेव्हा रोज पाणी लागते आणि ऊन कडक असेल तर दोन वेळाही लागते.

आता मोठ्या फुलाचे मर्म. डेलियाला मोकळे सोडले तर ते झुडूप होते आणि त्यावर वीस मध्यम फुले येतात. मोठे फूल हवे असेल, तर झाडाची सगळी ताकद एकाच ठिकाणी नेली पाहिजे. कुंडीत एकच मुख्य खोड ठेवावे आणि पानांच्या बेचक्यातून येणारी बगलफूट बोटभर होताच नखाने खुडावी. तळाशी दोन-तीन फुटवे राहू द्यावेत, ते पुढच्या वर्षीच्या कांड्यांसाठी उपयोगी पडतात. जमिनीत झाड असेल, तर पानांच्या चार-पाच जोड्या झाल्यावर शेंडा खुडून तीन-चार फांद्या वाढवल्या तरी चालते. शेंड्याला तीन कळ्या एकत्र येतात. त्यांतील मधली ठेवून बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या असतानाच काढाव्यात. आमच्या मातोश्रींना हे कधीच पटले नाही. “आलेली कळी खुडायची म्हणजे पाप,” असे त्या म्हणत. पण मोठ्या फुलाचा दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

खोड आतून पोकळ असते. त्यामुळे लावतानाच बांबूची काठी रोवावी आणि सुतळीचा सैल आठ घालून खोड बांधत जावे. काठी नंतर रोवली, तर ती हमखास कंदात घुसते. लागवडीनंतर महिन्याने दर दहा दिवसांनी पेंडपाणी द्यावे. शेंगदाण्याची पेंड आणि शेण आठवडाभर भिजवून, कापडाने गाळून, चहाच्या रंगाइतके पातळ करून ओतावे. भिजवलेल्या बादलीवर झाकण हवे, नाहीतर त्यात डास होतात. कळी दिसू लागली की हे बंद करावे, कारण नत्र जास्त झाले की पाने माजतात आणि फुलाची मान लवते. युरियाच्या मोहात तर पडूच नये. त्या वेळी मूठभर लाकडाची राख मातीत मिसळली तर पालाश मिळते. फूल उमलू लागले, की दुपारच्या उन्हापासून त्याला हिरव्या जाळीची सावली करावी. गडद पाकळीच्या कडा उन्हाने लवकर करपतात, पांढऱ्याचे तेवढे होत नाही. रंग गडद व्हावा म्हणून मातीत तुरटी वगैरे घालू नये. हायड्रेंजियाचा रंग मातीच्या आंबटपणाप्रमाणे बदलतो, डेलियाचा बदलत नाही.

येथवर सगळे सुरळीत असते. मग नोव्हेंबर-डिसेंबरात एके दिवशी शेंड्यावर मावा दिसतो. हिरवे, काळसर, बारीक किडे कळीला लगडतात आणि पाने आक्रसतात. प्रदर्शन महिन्यावर आलेले असते. माणूस घाबरतो आणि शेती करणाऱ्या भावाला किंवा शेजाऱ्याला विचारतो, “एखादे औषध आहे का?”

या ‘औषध’ शब्दावर माझा फार राग आहे. कपाशीवर, उसावर फवारतात ते औषध, उंदराला घालतात ते औषध आणि मी बाळाला खोकल्यासाठी देतो तेही औषध. एकाच शब्दात विष आणि उपचार दोन्ही बसवले आहेत, आणि मग दोन्ही एकाच फळीवर जाऊन बसतात.

२०११ साली साठी ओलांडलेले एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे रिक्षातून आणले गेले. घामाने अंग निथळत होते, तोंडातून लाळ गळत होती, दोन उलट्या झाल्या होत्या. घरच्यांना वाटले, हृदयविकाराचा झटका आला. मी डोळ्यांवर बॅटरी मारली, तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. दंडाचे स्नायू थडथडत होते. कपड्यांना उग्र वास येत होता. विचारल्यावर कळले, की सकाळी डेलियावर ‘औषध’ मारले होते. भावाच्या शेतातून मोनोक्रोटोफॉस आणलेले, मोजमाप बाटलीच्या झाकणाने, अंगात फक्त बनियन, हातमोजे नाहीत, आणि पंपाची नळी गळत असल्याने पाठ आणि दंड दोन तास त्या पाण्याने भिजलेले. हे विष तोंडाने प्यावे लागत नाही, ते कातडीतूनही आत जाते. मी अॅट्रोपिनची इंजेक्शने देत त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचवले. तेथे नऊ दिवस राहून ते बरे होऊन घरी आले. आजही भेटतात.

पण मला त्याहून जास्त धसका बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. कोणते विष होते ते दाखवण्यासाठी त्यांच्या सूनबाई घरून बाटली घेऊन आल्या. ती खोकल्याच्या औषधाची बाटली होती. शेतातल्या मोठ्या डब्यातून एवढेसेच आणायचे म्हणून रिकामी बाटली धुऊन त्यात भरले होते, आणि उरलेले मोरीच्या कोनाड्यात ठेवले होते. बाटलीवर लेबलही खोकल्याच्या औषधाचेच होते. त्या घरात तीन वर्षांची नात होती आणि तिला त्या आठवड्यात खोकला होता. मीच तिला औषध लिहून दिले होते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, हे वाचकांना आठवत असेल. ती माणसे पोटासाठी फवारत होती. दोन कुंड्यांतल्या फुलासाठी तोच धोका घरात आणणे मला अक्षम्य वाटते, मग कुणाला राग आला तरी चालेल. पूर्वी कुंडीच्या मातीत सर्रास टाकले जाणारे फोरेटचे दाणे, ज्यांना लोक थिमेट म्हणतात, हेही तसेच जहाल. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये अठरा कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. त्यात फोरेट होते आणि त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. तरी कुणाच्या गोठ्यात, माळ्यावर जुनी पिशवी पडलेली असू शकते. ती शोधा. मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून तिची विल्हेवाट लावा. गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

कुणाला फवारणीनंतर मळमळ, घाम, लाळ, अंधुक दिसणे, धाप किंवा स्नायू थडथडणे असे काही झाले, तर लगेच अंगावरचे सगळे कपडे उतरवा आणि केस, नखे, कानामागची जागा यांसह साबणाने भरपूर पाण्यात धुवा. धुणाऱ्याने हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात, नाहीतर तोही दुसरा रुग्ण होतो. मिठाचे पाणी, दूध, तूप पाजू नका आणि उलटी काढायचा प्रयत्न करू नका. गुंगी असेल तर डाव्या कुशीवर निजवा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि विषाची बाटली किंवा डबा सोबत न्या. आणखी एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी. रुग्ण पहिल्या दिवशी सावरला, बोलू लागला, तरी एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडू शकतात. त्यामुळे “आता बरे आहे, घरी नेतो” असा हट्ट धरू नये. डॉक्टर सोडतील तेव्हाच निघावे.

मग माव्याचे काय करायचे? माझ्या कुंड्यांवर गेली कित्येक वर्षे जे चालते, ते सांगतो. मावा दिसला की पहिल्या दिवशी नळीच्या पाण्याचा झोत, पानाखालून. अर्धा मावा तेथेच संपतो. दुसऱ्या दिवशी एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम सौम्य साबण विरघळवून संध्याकाळी फवारणी करावी. नाही हटला, तर निंबोळी अर्क. जूनअखेर ते जुलैत कडुलिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवाव्यात. फवारणीच्या आदल्या रात्री पन्नास ग्रॅम भरडलेल्या बिया एक लिटर पाण्यात भिजत घालाव्यात, सकाळी फडक्यातून गाळाव्यात आणि चिमूटभर साबण घालून त्याच दिवशी वापरून टाकाव्यात. दर आठवड्याला एकदा, तीन वेळा केले की मावा आणि फुलकिडे आटोक्यात राहतात. लेडीबर्ड नावाचे लाल पाठीचे ठिपकेदार किडे दिसले तर त्यांना मारू नका, ते माव्यावरच जगतात. फेब्रुवारीत हवा कोरडी झाली की लाल कोळी येतो आणि पानाखाली बारीक जाळे दिसते. त्याला रोज सकाळी पानाखालून पाणी मारणे हाच उपाय. पाने खाणारी अळी रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचावी. पानांवर पिवळी नक्षी उठून झाड खुरटले असेल, तर तो विषाणू असतो. त्याला उपचार नाही. झाड कंदासकट उपटून जाळावे आणि त्याची कांडी कुणालाही देऊ नये. स्नेह्यांना रोग भेट देण्यात अर्थ नाही.

निंबोळीने फूल प्रदर्शनाइतके निष्कलंक येते का, असे मला विचारतात. प्रामाणिक उत्तर असे, की एखाद्या पाकळीला डाग राहतो. मला तो चालतो.

आता बाग करणाऱ्यांच्या शरीराविषयी. माती आणि शेणखतात धनुर्वाताचे जंतू सुप्त अवस्थेत वर्षानुवर्षे राहतात. लोकांना वाटते, गंजलेला खिळाच धोक्याचा. गंजाचा त्यात काही दोष नाही. मातीने माखलेला बांबूचा कूस नखाखाली घुसला तरी तेवढाच धोका असतो. उलट बाजूला असेही लोक आहेत, जे दर खरचटण्याला इंजेक्शन मागतात. लहानपणी किंवा नंतर लसीचे डोस पूर्ण झाले असतील, तर दर दहा वर्षांनी एक डोस पुरतो. जखम खोल किंवा माती-शेणाची असेल आणि आधीच्या डोसला पाच वर्षे होऊन गेली असतील, तर तेव्हा एक घ्यावा. हल्ली टी.टी.ऐवजी टी.डी. ही लस देतात, तिच्यात घटसर्पाचेही संरक्षण असते. ज्यांनी आयुष्यात लस घेतलेलीच नाही, त्यांना मातीची जखम झाल्यास वेगळे इंजेक्शनही लागते, म्हणून त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कोणतीही जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. हळद, चुना, माती लावून येऊ नका.

मधुमेह असलेल्यांना मी एकच अट घालतो. अनवाणी बागेत पाय ठेवायचा नाही. तळव्याची जाणीव कमी झालेली असते, फुटक्या खापरीने पाय कापला तरी कळत नाही, आणि चार दिवसांनी मोज्याला पू लागलेला दिसतो. बंद बूट घालावेत, घालण्यापूर्वी ते झटकावेत आणि रात्री झोपताना दिव्याखाली तळवे पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा घरातल्या कुणाला सांगावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी उकिडवे बसून एकदम उठू नये, भोवळ येते. बैठ्या स्टुलावर बसून काम करावे. बारा इंची भरलेली कुंडी एकट्याने उचलणे म्हणजे कंबरेला आमंत्रण आहे. ती आधीच जागेवर ठेवून मग भरावी.

गाजर गवताचे नाते आता सांगतो. हे गवत आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेत आले आणि मग सगळीकडे पसरले. त्याची ज्यांना अॅलर्जी आहे, त्यांचे पापण्या, मान, कोपराच्या आतली कातडी हे भाग खाजून लाल होतात, जाड होतात. डेलिया, शेवंती एकाच कुळातली असल्याने अशा काही लोकांना डेलियाची पाने खुडतानाही तोच त्रास होतो. बगलफूट काढल्यावर दोन-तीन वेळा हात-चेहरा खाजला, तर हातमोजे आणि लांब बाह्या वापराव्यात. तरीही थांबत नसेल तर डेलियाचा नाद सोडून गुलाब लावावा. स्टिरॉइडचे मलम दुकानातून आणून महिनोन्‌महिने चोळत बसू नये.

कुंड्यांखाली ताटल्या ठेवणाऱ्यांनी त्या आठवड्यातून एकदा उलट्या करून घासाव्यात. डेंग्यूच्या डासाची अंडी ताटलीच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटले तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसते पाणी ओतून भागत नाही, घासावेच लागते.

गेल्या हिवाळ्यात एका बाईंनी मला मोबाइलवर आलेला मजकूर दाखवला. डेलियाच्या कंदात इन्सुलिन असते, रोज सकाळी एक तुकडा खा आणि साखर घालवा, असा त्याचा आशय. त्यांनी चार दिवस खाल्लाही होता, आणि पोट फुगून त्या माझ्याकडे आल्या होत्या. कंदात असते ते इन्युलिन. बटाट्यात जसा पिष्टाचा साठा, तसा डेलियात इन्युलिनचा. एम.बी.बी.एस.च्या पहिल्याच वर्षी आम्ही हा शब्द शिकतो, कारण मूत्रपिंडे किती रक्त गाळतात हे मोजण्यासाठी इन्युलिन शिरेतून देण्याची जुनी पद्धत आहे. ते शरीरात पचत नाही, आतड्यातले जंतू त्याचा वायू करतात, म्हणून पोट फुगते. इन्सुलिन हे स्वादुपिंडातले संप्रेरक. दोन्ही नावांत एका अक्षराचा फरक, पण कामात काडीचा संबंध नाही. आणि खरे इन्सुलिनसुद्धा खाऊन उपयोगी पडत नाही, पोटात पचून जाते, म्हणून तर ते टोचावे लागते. मेक्सिकोतील लोक पूर्वी हे कंद खात असत, हे खरे आहे. पण विक्रीच्या कंदांना बुरशीनाशक चोळलेले असू शकते. कंद लावण्यासाठी आहेत. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन त्यांच्या भरवशावर बंद करू नका.

फुले फेब्रुवारीअखेर संपतात. फुलदाणीसाठी तोडायचे असेल तर पहाटे, पूर्ण उमललेले तोडावे, कारण डेलियाची कळी पाण्यात उमलत नाही. मार्चमध्ये पाने पिवळी पडली की पाणी तोडावे आणि खोड वीतभर ठेवून कापावे. आठवड्याने कुंडी आडवी करून कंदाचा झुबका अलगद काढावा. डोळा खोडाच्या बुडाशी, मानेपाशी असतो, नुसत्या कंदावर नसतो. मान मोडलेला कंद कितीही टपोरा असला तरी उगवत नाही. झुबका सावलीत चार-पाच दिवस सुकवावा आणि कोरड्या वाळूच्या खोक्यात घालून घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावा. खोक्यावर जात, रंग आणि साल ठळक लिहावे. उंदरांसाठी वर जाळी ठोकावी, त्यांचे ते ‘औषध’ खोक्यात टाकू नये. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून कुजलेला कंद काढून टाकावा. ऑगस्टअखेर कंद ओलसर वाळूवर मांडले, की कोंब फुटतात. बोट-दीड बोट वाढलेला कोंब पेराच्या खाली कापून वाळूत खोचला, की दोन-तीन आठवड्यांत त्याला मुळ्या सुटतात. माझ्याकडे या वर्षी जांभळ्याच्या तीसेक कांड्या तयार होतील. हव्या असतील त्यांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दवाखान्याच्या वेळेनंतर, रिकामी कुंडी घेऊन यावे.